खिशाला झेपेल तेवढं ऑस्लो

ऑस्लो महाग आहे, त्यात वादच नाही. नॉर्वेचा एक क्रोन म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये, आणि साधी कॉफी पन्नास क्रोनच्या आसपास. हा गुणाकार पहिल्याच दिवशी करत बसलं तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडावंसं वाटत नाही. पण नीट हिशोब मांडला की दिसतं, पैसे खाणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: झोपायची खोली, दुसऱ्याने शिजवलेलं जेवण, टॅक्सी आणि दारू. बघायला जे आहे, त्यातलं बरंचसं फुकट आहे. म्हणजे डोकं चालवायचं ते तिकिटात आणि पोटात. बाकी शहर उघडंच पडलंय.

मी तिथे जूनमध्ये कंपनीच्या कामासाठी होते. काम संपल्यावर रजा जोडली आणि आत्याला बोलावून घेतलं. आत्याने सगळी नोकरी एसटीच्या डेपोत, तिकीट आणि रोकड शाखेत काढली. कंडक्टरांचा हिशोब घ्यायचा, रुपयाचा फरक आला तरी वेबिल पुन्हा तपासायचं, ही तिची सवय निवृत्तीनंतर दहा वर्षांनीही गेलेली नाही. कंपनीचं हॉटेल सोडून आम्ही स्वयंपाकघर असलेली एक छोटी जागा भाड्याने घेतली. बचतीचा सगळ्यात मोठा निर्णय हाच.

आत्याला आणायला मी विमानतळावर गेले तेव्हा पहिला धडा तिनेच घेतला. तिथून शहरात यायला दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. फ्लीटोगेट ही खास विमानतळाची गाडी, तिच्या पाट्या सगळीकडे ठळक. आणि त्याच स्टेशनावरून सुटणारी साधी रेल्वे, तिकीट जवळपास निम्मं. वेळेतला फरक? पाचेक मिनिटांचा. "पाच मिनिटांसाठी दुप्पट पैसे देणारी माणसं कोण गं?" आत्याने विचारलं. आम्ही अर्थातच साध्या रेल्वेत बसलो.

शहरातली बस, ट्राम, मेट्रो, बेटांवर जाणाऱ्या बोटी हे सगळं रूटर या एकाच यंत्रणेच्या तिकिटावर चालतं. अख्खी ऑस्लो महापालिका एकाच झोनमध्ये येते, त्यामुळे पर्यटकाला जायचं ते जवळजवळ सगळं त्यात बसतं. मोबाइलवर अ‍ॅप घ्यायचं, कार्डाने पैसे भरायचे. नोटा बाळगायची गरजच पडत नाही. ६७ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिथे सवलतीचं तिकीट मिळतं, साधारण अर्ध्या दरात. आत्या अडुसष्टची. तिने पासपोर्ट हाताशी ठेवला आणि समाधानाने म्हणाली, "चला, अर्धं तिकीट इथेही लागू."

मेट्रोच्या स्टेशनात फाटक नाही आणि गाडीत कंडक्टर नाही, हे मात्र तिला पटेना. सरळ चालत जायचं आणि गाडीत बसायचं. अधूनमधून तपासणीस येतात, तिकीट नसेल तर दंड चांगलाच बसतो. एकदा आमच्या ट्राममध्ये ते चढले. आत्याने मोबाइल पुढे केला आणि तो माणूस स्क्रीन कशी बघतो, मागे वळून पुन्हा मोजणी करतो का, हे ती उतरेपर्यंत बघत होती.

२४ तासांच्या तिकिटाची युक्तीही तिचीच. ते घेतल्या क्षणापासून २४ तास चालतं, मध्यरात्रीला संपत नाही. म्हणून आम्ही सकाळी पायी हिंडायचो आणि तिकीट दुपारी दोनच्या सुमारास घ्यायचो. जूनमध्ये सूर्य साडेदहानंतर मावळतो. म्हणजे ती लांबलचक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, दोन्ही एकाच तिकिटात.

त्या तिकिटाचं खरं सोनं होतं ते बोटींवर. फ्योर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी, दाखवणाऱ्या पर्यटक बोटी धक्क्यावर उभ्या असतात, त्यांचे दर शेकड्यांत. त्यांच्याजवळच, सिटी हॉलसमोरच्या चार नंबरच्या धक्क्यावरून रूटरच्या बोटी सुटतात, बसच्या तिकिटावर. आम्ही होवेदोया बेटावर गेलो. काही मिनिटांतच पोचलो. बोटीत आमच्याशेजारी एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन बसली होती, पुढच्या बेटावरच्या तिच्या लाकडी कुटीकडे निघालेली. होवेदोयावर ११४७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्सियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला. १५३२ मध्ये तो जाळला गेला आणि पुढे त्याचे दगड शहरातल्या किल्ल्याच्या बांधकामाला गेले. आता कमरेएवढ्या भिंती, मधे गवत, आणि त्या गवतावर उन्हात पहुडलेली माणसं. कुंपण नाही, तिकीट खिडकी नाही. आम्ही भिंतीच्या सावलीत थालीपीठ खाल्लं, मग खडकांवर जाऊन पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार की आत्याने दहापर्यंत मोजलं आणि पाय बाहेर काढले. पोरं मात्र त्याच पाण्यात सूर मारत होती.

थालीपिठाची भाजणी आम्ही घरून नेली होती. एक सांगून ठेवते: युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप बॅगेत नको. भाजणी, मसाले, पोहे चालतात. बाकीचा किराणा रेमा १००० किंवा किवी या स्वस्त दुकानांतून, आणि कोथिंबीर, मिरच्या, डाळी, कणीक ग्रोनलान भागातून. स्टेशनापासून चालत जाता येणाऱ्या या वस्तीत पाकिस्तानी, सोमाली, तुर्की अशी सगळी दुकानं आहेत, आणि भाजी इतर भागांपेक्षा बरीच स्वस्त. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवायचं. डबा घेऊन फिरायला कसंतरी वाटेल असं मला वाटत होतं, पण नॉर्वेजियन माणूस स्वतःच डबेवाला निघाला. कागदात गुंडाळलेला ब्रेडचा तुकडा, वर तपकिरी चीज, की झालं दुपारचं जेवण. बागेत, पायऱ्यांवर, ऑफिसात, कुठेही. पाणी नळाचं, थेट बाटलीत. रेस्टॉरंटची पायरी आम्ही क्वचितच चढलो.

ऑपेरा हाउसबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. २००८ मध्ये उघडलं, पांढरं संगमरवरी छप्पर थेट पाण्यातून वर चढत जातं आणि त्यावर कुणीही चालावं. फुकट. आत स्वच्छतागृहही फुकट, आणि ऑस्लोत ही माहिती फार मोलाची.

रस्त्यापलीकडचं डाइकमन ग्रंथालय मात्र मला जास्त आवडलं. २०२० मध्ये उघडलेली ही महापालिकेची मुख्य शाखा. आत शिरताना कुणी विचारत नाही, कोण तुम्ही. शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, सिनेमाघर, मुलांसाठी अख्खा मजला. सगळ्यात वर, पाचव्या मजल्यावर, एक छोटी लाकडी खोली आहे. तिची गोष्ट अशी: २०१४ पासून दरवर्षी एक लेखक आपलं हस्तलिखित इथे ठेवायला देतो. पहिली मार्गारेट अ‍ॅटवूड, नंतरच्यांत हान कांग. ही हस्तलिखितं २११४ मध्ये छापायची, आणि त्यासाठीचा कागद शहराबाहेरच्या जंगलात लावलेल्या हजार झाडांचा. तोवर कुणी वाचायची नाहीत. खोलीच्या भिंतीत काचेचे कप्पे आहेत, त्यावर लेखकाचं नाव आणि वर्ष. आत जाताना पादत्राणं बाहेर काढायची. आत्याने सँडल काढले, आत जाऊन एकेका कप्प्यावरून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "नव्वद वर्षांनी हिशोब कोण तपासणार, त्याचं नाव कुठे लिहिलंय का?"

विगेलान पार्क रात्रंदिवस उघडं असतं. गुस्ताव विगेलान या एकाच शिल्पकाराची दोनशेहून अधिक शिल्पं, सगळी माणसं उघडी. आत्या सुरुवातीला माझ्याकडे न बघता चालत होती. पुलावर तो प्रसिद्ध चिडका पोरगा आहे, पाय आपटणारा. लोकांनी धरून धरून त्याचा एक हात पिवळाधमक झालाय, बाकी अंग काळपट. मधोमध एकाच ग्रॅनाइटच्या दगडातला चौदा मीटरचा स्तंभ, त्यावर १२१ माणसं एकमेकांना धरून वर चढतात. तीन कारागिरांना तो कोरायला चौदा वर्षं लागली. पण आत्या रमली ती स्तंभाभोवतीच्या पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांत. पाठीचा पोक, लोंबलेली कातडी, सगळं जसंच्या तसं. संकोच कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

सिटी हॉल हा मला चुकवायचा नव्हता. बाहेरून दोन विटकरी ठोकळे. ऑस्लोकर त्यांना तपकिरी चीजच म्हणतात. आत प्रचंड सभागृह, भिंतभर रंगवलेली चित्रं, प्रवेश फुकट. १९९० पासून दर १० डिसेंबरला नोबेल शांतता पुरस्कार इथेच देतात. २०१४ मध्ये कैलाश सत्यार्थी आणि मलाला यांनी तो इथेच घेतला. आम्ही गेलो तेव्हा सभागृहात आमच्याशिवाय एक शाळेची सहल तेवढी होती.

संध्याकाळी एक नंबरची मेट्रो धरून फ्रोग्नरसेटेरनला जायचं. गाडी डोंगर चढत चढत शेवटच्या स्टेशनावर सोडते, तिकीट तेच. खाली फ्योर्ड आणि अख्खं शहर, मागे जंगल. तिथल्या देखण्या हॉटेलातली सफरचंदाची पेस्ट्री फार नावाजलेली आहे. ती एक घेतली, दोघींत.

ऑस्लो पासबद्दल लोक विचारतात. संग्रहालयं आणि प्रवास दोन्ही त्यात येतं, पण तो वसूल व्हायला रोज तीन-चार संग्रहालयं उरकावी लागतात. ज्यांना तेच करायचंय त्यांनी जरूर घ्यावा. आम्हाला बाहेर हिंडायचं होतं, म्हणून नाही घेतला. मुंक या चित्रकाराच्या संग्रहालयाला बुधवारी संध्याकाळी प्रवेश फुकट असतो, तेव्हा जाऊन आलो. गर्दी होती, चालायचंच.

पैसे मोजून पाहिलं ते फ्राम जहाजाचं संग्रहालय. ३० नंबरच्या बसने बिग्दोयला गेलो. १८९२ मध्ये बांधलेलं हे लाकडी जहाज नान्सेन या ध्रुवप्रवाशाला उत्तरेच्या बर्फात घेऊन गेलं आणि नंतर अमुंडसेनला दक्षिणेकडे. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तो तोच. इमारत जहाजाभोवती बांधलीये, तुम्ही थेट डेकवर चढता. खाली उतरलं की बिछान्यांच्या एवढ्याशा खोल्या, भांडी, आणि बर्फाचा दाब सोसायला लावलेल्या जाडजूड तुळया. आत्याने एका तुळईवर हात ठेवला, वर-खाली बघितलं आणि एवढंच विचारलं, "सवलतीचं तिकीट लावलंस ना इथे?" लावलं होतं. मग ती निवांत पुन्हा वरच्या डेकवर गेली.