अध्यक्षपद हुकलेला मक्याचा माणूस

आजची सुट्टी हेन्री वॉलेस यांच्याविषयी वाचण्यात गेली. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले हे आयोवाचे गृहस्थ मुळात शेतकी संशोधक होते आणि त्यांच्या राजकारणापेक्षा मला तेच अधिक रोचक वाटले. शाळकरी वयातच त्यांनी प्रदर्शनात नावाजल्या जाणाऱ्या, सरळ दाणेओळींच्या देखण्या कणसांचे बियाणे वेगवेगळे पेरून पाहिले आणि रूपाचा उत्पादनाशी काही संबंध नसतो, हे पीक मोजून दाखवले. पुढे १९२६ मध्ये त्यांनी संकरित मक्याच्या बियाण्यांची कंपनीही काढली. १९४० च्या अखेरीस मेक्सिकोत हिंडताना तिथले तुटपुंजे पीक पाहून त्यांनी जो आग्रह धरला, त्यातून रॉकफेलर फाउंडेशनचा कृषी कार्यक्रम उभा राहिला. हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे गहू संशोधक नॉर्मन बोरलॉग तिथेच रुजू झाले आणि तिथला बुटका गहू १९६० च्या दशकात आपल्याकडे पोहोचला.

१९४४ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात धुरिणांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीतून वॉलेस यांचा पत्ता कापून हॅरी ट्रूमन यांना पुढे केले आणि एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट गेल्यावर अध्यक्षपद ट्रूमन यांच्याकडे गेले. १९४८ च्या अध्यक्षपदाच्या लढतीत तर वॉलेस यांचा पार धुव्वा उडाला. मात्र हळहळीपोटी त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. कैद्यांच्या छावण्यांनी भरलेल्या सोव्हिएत कोलिमाच्या दौऱ्यात यजमानांनी उभा केलेला देखावा त्यांनी खरा मानला होता. १९५२ मध्ये सोव्हिएत संघाविषयी आपले चुकल्याचे त्यांनी लेख लिहून मान्य केले, जे राजकारण्यांच्या हातून क्वचितच घडते. उरलेली वर्षे ते न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतावर कोंबड्यांच्या आणि स्ट्रॉबेरीच्या जाती सुधारत राहिले.