कुंपणावरची आइसक्रीम वेल काढताना : मार्च ते सप्टेंबरच्या नोंदी

जागा तळेगावची. मागच्या अंगाला लोखंडी जाळीचं कुंपण आहे आणि त्यावर आधीच्या मालकांनी हौसेने सोडलेली आइसक्रीम वेल. तीच ती, गुलाबी तुऱ्यांची. कुंडीत ती गुणी वाटते. जमिनीत मोकळी सुटली की जाळी झाकते, शेजारचा पेरू झाकते, आणि पावसाळ्यात तिच्या दाट पाल्याखाली जाळी ओली राहून गंजते. मूळची मेक्सिकोची ही वेल आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली आहे. छाटून ती मरत नाही, कारण तिचा सगळा साठा जमिनीखालच्या गाठींत असतो. म्हणून या वर्षीचं सगळं वेळापत्रक मी गाठींच्या हिशेबाने आखलं, पाल्याच्या नाही.

मार्च-एप्रिल

आधी ओळख पटवणं. याच कुंपणावर गुळवेलही आहे, ती ठेवायची होती. दोघींची पानं बदामाच्या आकाराची, त्यामुळे नुसत्या पानावर जाऊ नका. गुळवेलीचं खोड जाड, वरची साल कागदासारखी सुटणारी, नखाने खरवडलं की आत हिरवं, आणि वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतात. आइसक्रीम वेलीच्या पानाची कड लहरदार, शिरांची जाळी ठळक, आणि तुऱ्याच्या टोकाला तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे दोरे. गुळवेलीला तणावे नसतातच. ठेवायच्या प्रत्येक खोडाला लाल चिंधी बांधली आणि मगच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेतलं.

मे

जमिनीपासून गुडघाभर खुंट ठेवून सगळ्या वेली कापल्या. खुंट मुद्दाम ठेवले, म्हणजे पुढे खणताना गाठ कुठे आहे ते सापडतं. वरचा पसारा मात्र तसाच जाळीवर लटकत ठेवला. हिरवी वेल ओढली की तणावे जाळीला घेऊन वाकतात, आणि एकदा वाकलेली जाळी पुन्हा ताणणं फार कटकटीचं. मे महिन्याच्या उन्हात तेच तणावे कुरकुरीत होतात आणि हाताने चुरून पडतात.

खाली पडलेलं बी झाडून गोळा केलं. वाळलेल्या पाकळ्यांत गुंडाळलेलं तिधारी बी पाण्यावर तरंगतं, म्हणजे पहिल्या पावसात ते नाल्याने थेट खालच्या प्लॉटवर पोचणार. हे काम वळवाच्या आधीच उरकावं.

तणनाशक वापरलं नाही. गुळवेल, कढीपत्ता आणि शेजारच्या काकूंचा मोगरा हातभर अंतरावर आहेत. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांपुरता ठेवण्याची अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली, तेव्हा घरच्या बागेत तो पंप घेऊन फिरण्यात मला अर्थ दिसत नाही.

जून-जुलै

खरं काम इथे. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम. उन्हाळ्यात पहार आदळली तर ठिणग्या उडतात, पण दोन-चार चांगल्या सरी झाल्या की माती सुटते. त्याच सुमारास खुंटांच्या आजूबाजूला कोवळे कोंब येतात, आणि कोंब जिथे तिथे गाठ. खुरप्याने कोंबाच्या कडेने माती बाजूला करत गेलं की रताळ्यांसारख्या गाठींची माळ लागते. माळ तुटू न देता हळूहळू उचलायची. मागे राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. टिकाव मारून घाई केली की एका गाठीच्या चार होतात.

काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. मी काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर ठेवल्या, पूर्ण सुकून सुरकुतल्यावरच कचऱ्यात दिल्या. कापलेल्या ओल्या काड्याही जमिनीवर पडू दिल्या नाहीत, त्या मुळं धरतात.

काकू एकदा पलीकडून म्हणाल्या, “अहो, मधमाश्या किती यायच्या त्यावर! काढताय कशाला?” त्यांचं म्हणणं खरंच आहे, सातेरी माश्या या फुलांवर तुटून पडतात. म्हणून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तुळस आणि सब्जा दाट लावलाय. जाळीवर गोकर्ण चढवली आणि एका कोपऱ्यात रानजाईचं रोप. ती आपल्या सह्याद्रीतली, पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांनी भरणारी. बाकी जाळीवर दोडका आणि कारलं. भाजीचे वेल हंगाम संपला की आपणहून जातात आणि जमीन तपासायला मोकळी मिळते.

सप्टेंबर

मधला पट्टा जवळजवळ स्वच्छ आहे. पेरूवर नवी फूट आली. अडचण उरली ती काँक्रीटच्या खांबांपाशी, गाठी खांबांच्या पायाखाली शिरल्या आहेत आणि खांब हलवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. तिथला प्रत्येक कोंब पान उलगडण्याआधीच खुडतोय. पान झालं की ते गाठीला पुन्हा पोसायला लागतं, खुडत राहिलं तर साठा खर्ची पडत जातो. खांबाभोवती जाड पुठ्ठा आणि त्यावर वीतभर पालापाचोळा टाकलाय, पण पुठ्ठ्याच्या कडेने कोंब बाहेर डोकावतातच, तेव्हा आठवड्याची फेरी चुकवता येत नाही. काकूंच्या बाजूनेही तेच करायला हवं होतं. त्यांनी परवानगी दिली आहे, पितृपक्ष संपला की तिकडून खणायला घेतो.