जर-तरच्या चिठ्ठ्या : तिसऱ्या संचाची आतापर्यंतची नोंद

विस्कटलेल्या शब्दांतून इंग्रजी कंडिशनल, म्हणजे जर-तरची, वाक्यं जुळवायचा तिसरा संच 48 वाक्यांवर आला आहे : झीरो (नेहमीच खरी) 8, टाइप 1 ची (पुढे शक्य असलेली) 10, टाइप 2 ची (आजची, काल्पनिक) 12, टाइप 3 ची (भूतकाळातली, न घडलेली) 12 आणि मिक्स्ड (दोन बाजूंना दोन काळ) 6. ‘अनलेस’ आणि उलट्या रचनेची वाक्यं वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत, ती अजून कच्ची आहेत.

साहित्य साधंच आहे. ए4 मापाच्या जाड कार्डशीटवर रुंदीचे 4 आणि उंचीचे 10 भाग आखले की 40 चिठ्ठ्या होतात, प्रत्येक साधारण 5.2 बाय 2.9 सेंटीमीटर. सरासरी 9 चिठ्ठ्यांचं वाक्य धरलं तर एका शीटमध्ये 4 वाक्यं बसतात आणि 4 कोऱ्या चिठ्ठ्या उरतात. त्या फेकू नयेत, पुढे चकवा, म्हणजे उत्तरात न बसणारा जादा शब्द, घालायला लागतात. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे वाक्याचा क्रमांक पेन्सिलीने घाला. दोन वाक्यांतले ‘वुड’ एकदा मिसळले की संध्याकाळ त्यातच जाते.

या संचातून ठळकपणे एक गोष्ट हाती आली. वाक्य अवघड आहे की सोपं, हे टाइपच्या आकड्यावर ठरत नाही. दोन्ही बाजूंची क्रियापदं सारख्याच रूपात असली की घोटाळा होतो, वेगळ्या रूपात असली की वाक्य आपोआप जुळतं. म्हणून झीरो आणि टाइप 3 त्रास देतात, आणि ज्याची सगळे धास्ती घेतात ते मिक्स्ड सरळ सुटतं. ‘इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड फील बेटर नाऊ’ हे पाहा. ‘टेकन’ला ‘हॅड’शिवाय जागा नाही, ‘फील’ला ‘वुड’शिवाय नाही. ‘नाऊ’ फक्त शिक्कामोर्तब करतो.

आता टाइप 3 चं हे वाक्य : ‘इफ शी हॅड लेफ्ट अर्लिअर, शी वुड हॅव कॉट द बस.’ शब्द 11, त्यात ‘शी’ दोनदा, म्हणजे मांडणीचे 1,99,58,400 प्रकार. प्रश्न त्या आकड्याचा नाही, कारण त्यातले बहुतेक प्रकार नजरेलाच बाद होतात. प्रश्न असा की बरोबर उत्तरं एकाहून जास्त निघतात. ‘लेफ्ट’ आणि ‘कॉट’ दोन्ही तिसरी रूपं, त्यामुळे ‘इफ शी हॅड कॉट द बस अर्लिअर, शी वुड हॅव लेफ्ट’ हेही व्याकरणात चोख बसतं. स्वल्पविराम ‘अर्लिअर’ला चिकटवला तरी हे दुसरं उत्तर मरत नाही. ‘हॅड लेफ्ट’ एकाच चिठ्ठीवर लिहून पाहिलं, तर ‘इफ शी हॅड लेफ्ट, शी वुड हॅव कॉट द बस अर्लिअर’ डोकं वर काढतं. दोन्ही उपाय एकदम केले, म्हणजे ‘हॅड लेफ्ट’ जोडचिठ्ठी आणि ‘अर्लिअर’ला स्वल्पविराम, तेव्हा कुठे एकच उत्तर उरलं. ‘इफ’चं पहिलं अक्षर मोठं आणि ‘बस’पुढे पूर्णविराम हवाच, नाहीतर ‘इफ’चा भाग मागे टाकूनही वाक्य होतं. टाइप 3 च्या बाराही वाक्यांना ही चाचणी लावली आहे : दोन तिसरी रूपं आपापसांत बदला आणि मोठ्याने वाचा. अर्थ लागला तर एक जोडचिठ्ठी करा.

सोडवणाऱ्यासाठी क्रम असा ठेवावा. आधी ‘इफ’ बाजूला. मग फक्त क्रियापदं आणि त्यांची सहायकं उचला, नामांना हात लावू नका. ‘हॅव’ आहे का पाहा : ‘वुड’सोबत ‘हॅव’ आणि तिसरं रूप असेल तर मुख्य वाक्य भूतकाळातलं. ‘वुड’सोबत मूळ रूप असेल तर मुख्य वाक्य आजचं, काल्पनिक. ‘विल’ असेल तर टाइप 1. यातलं काहीच नसेल तर बहुधा झीरो. ही जोडणी झाली की कर्ते लावा, आणि ए, ॲन, द, माय हे सुटे शब्द शेवटी. बहुतेक जण उलट करतात, नामांपासून सुरू करतात आणि अडकतात.

संचातलं आमचं सगळ्यात लाडकं वाक्य आत्याबाईच्या मिशांचं आहे. चिठ्ठ्या : कॉल, मस्टाश, वुड, इफ, हर, ए, हॅड, वी, आन्ट, अंकल, माय. तिसरं रूप कुठेच नाही आणि ‘हॅव’ही नाही, म्हणजे ‘हॅड’ इथे सहायक नसून ‘असणे’ या अर्थाचं मुख्य क्रियापद आहे. ‘वुड कॉल’ जुळलं, टाइप 2 ठरला. ‘ए’ची चिठ्ठी ‘मस्टाश’लाच लागते, कारण ‘आन्ट’ आणि ‘अंकल’ स्वरापासून सुरू होतात, त्यांना ‘ॲन’ लागला असता. उत्तर : ‘इफ माय आन्ट हॅड ए मस्टाश, वी वुड कॉल हर अंकल.’ हे पक्कं वाटत होतं. पण ‘हर’ म्हणजे ‘तिला’ही आणि ‘तिचा’ही, आणि ‘कॉल’ म्हणजे हाक मारणं, म्हणणं, शिवाय फोन करणं. मग ‘इफ वी हॅड ए मस्टाश, माय आन्ट वुड कॉल हर अंकल’ यातली आत्या आपल्या काकांना फोन लावते, आणि व्याकरण तिला अडवत नाही. ‘इफ हर अंकल हॅड ए मस्टाश, वी वुड कॉल माय आन्ट’ हे तिसरं. शेवटी ‘वी वुड’ आणि ‘कॉल हर’ अशा दोन जोडचिठ्ठ्या केल्या. आता 9 चिठ्ठ्या आहेत, आणि ‘हर’मुळे आत्या आणि काका यांची अदलाबदल होत नाही.

याच वाक्यात मराठी कानाची अडचणही दिसते. ‘मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ : आपल्या संकेतार्थात (जर-तरच्या क्रियापदरूपात) दोन्हीकडे ‘असत्या’, ‘असतं’ येतं. इंग्रजीत दोन बाजू वेगळ्या. म्हणूनच जादा ‘वुड’ आणि ‘हॅव’ चकवा म्हणून ठेवले की मराठी सोडवणारा हमखास ‘इफ शी वुड हॅव लेफ्ट’ लावतो. (अमेरिकेत बोलताना असं ऐकू येतं, पण परीक्षेत ते चूकच धरलं जातं.) दुसरं असं की ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ हे आजबद्दल की गेल्या वर्षाबद्दल, ते मराठी वाक्य सांगत नाही. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅड’ आणि ‘वुड बाय’, दुसऱ्याला ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव बॉट’. तेव्हा सूचना मराठीत दिली असेल तर ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ घातल्याशिवाय देऊ नये. टाइप 1 मध्येही तसंच : ‘पाऊस आला तर’ मधला ‘आला’ भूतकाळी दिसतो, इंग्रजीत मात्र ‘रेन्स’. तिथे ‘रेन्ड’ हा उत्तम चकवा. ‘देन’चा चकवा मात्र घालू नका. तो ‘तर’सारखा वाटतो आणि इंग्रजीत चालतोही, त्यामुळे सोडवणाऱ्याला चूक म्हणता येत नाही.

बाद केलेल्या क्रियापदांची यादी वाढली आहे. पुट, कट, हिट यांची तिन्ही रूपं एकच. ‘रीड’ कागदावर तिन्ही काळांत त्याच अक्षरांचं, उच्चार तेवढा बदलतो. कम, रन, बिकम यांचं पहिलं आणि तिसरं रूप एक, आणि संक्षेपाच्या वाक्यांत तेच घात करतं. ‘शी’ड’ म्हणजे ‘शी हॅड’ की ‘शी वुड’? पुढे ‘हॅव’ किंवा मूळ रूप आलं तर वुड, तिसरं रूप आलं तर हॅड. पण ‘शी’ड कम’ दोन्ही वाचता येतं, म्हणून ते काढलं.

कच्च्या पाकिटाबद्दल थोडक्यात. ‘अनलेस’मध्ये नकार आतच असतो, पण ‘जोपर्यंत नाही, तोपर्यंत’ या सवयीने ‘अनलेस यू डोन्ट हरी’ असं लावलं जातं, म्हणून ‘डोन्ट’ चकवा म्हणून ठेवायचं ठरलं आहे. उलट्या रचनेत ‘इफ’ची चिठ्ठीच नसते : ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव वेटेड.’ ओळखायची खूण म्हणजे दोन क्रियापद-जोड्या आहेत, पण प्रश्नचिन्ह कुठेच नाही. नकार असेल तर ‘नॉट’ सुटा हवा, ‘हॅड इट नॉट रेन्ड’. ‘हॅडन्ट’ची चिठ्ठी इथे चालत नाही. अशी 6 वाक्यं लिहून झाली आहेत, चिठ्ठ्या अजून कापायच्या आहेत.