हजार मीटरची मालकी

टॉर्चच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं आहे: पल्ला १००० मीटर. खाली बारीक अक्षरांत: अडीच लाख कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता. हे दोन आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. टॉर्चच्या जगात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं अंतर, असं ठरलेलं आहे. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीतलं पौर्णिमेचं चांदणं, साधारण तेवढंच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. अडीच लाखाला हजाराच्या वर्गाने भागा, पाव उरतो. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाही. किलोमीटरभर लांबच्या झाडावर ती तुमच्यासाठी खरोखर पौर्णिमा पाडून देते. फक्त त्या पौर्णिमेत ते झाड आंब्याचं की कडुनिंबाचं हे इथून ओळखणं आपल्या डोळ्यांच्या आवाक्यातलं नसतं. छापील पल्ल्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवावा. पाचशे मीटरवर एक पूर्ण लक्स पडतो, आणि माणूस उभा आहे की म्हैस, एवढं तरी कळतं.

अशी एक बॅटरी माझ्याकडे आहे. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, डोक्याशी उष्णता बाहेर टाकायला कापलेल्या खाचा, वरून मूठ, खांद्याला लावायचा पट्टा. पाण्याच्या बाबतीत आयपी ६७. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, आणि सात म्हणजे मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. आत १८६५० नावाचे चार लिथियमचे सेल. हा आकडा म्हणजे त्यांची मापंच आहेत, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. सेलचा तपशील मला पाठ आहे आणि सुनेचा मोबाइल नंबर नाही, असं घरात बोललं जातं. खरंच आहे ते.

घ्यायचं कारण मात्र हौशीचं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या भागातल्या गल्ल्यांमधून घराघरात शिरली. लाइन गेलेली. जिन्यात उभे राहून आम्ही सगळे मोबाइलचा उजेड खाली टाकत होतो, आणि त्यात दिसत होतं फक्त तपकिरी चकाकणारं काहीतरी. गुडघाभर की कमरेभर, वाहतंय की साचलंय, कंपाउंडची भिंत उभी आहे की गेली, काहीच कळेना. मोबाइलचा उजेड पसरट. दहा पावलांवर त्याचा जीव संपतो.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एक पांढरा दांडा आला. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांच्याकडे जुना ड्रॅगन लाइट होता. पोलीस आणि रेल्वेवाले वापरतात तो, डब्यासारखा, आत शिशाची जड बॅटरी असलेला. त्या उजेडात पहिल्यांदा पाण्याला दिशा दिसली. स्कूटर कुठून कुठे चालल्या आहेत ते दिसलं. काका एका एका दाराशी उजेड थांबवत होते, माणूस हात हलवी, मग पुढचं दार. ते पाहून मी मनाशी ठरवलं, असलं काहीतरी आपल्या घरात हवं.

आता पूर काही रोज येत नाही, त्यामुळे घेतलेल्या वस्तूचं करायचं काय हा प्रश्न उरतो. आमची गच्ची चांगली उंच आहे. पहिले काही दिवस जेवणं झाली की मी वर जायची आणि दिशा शोधायची. दक्षिणेला सोनेगावचं विमानतळ. उतरणाऱ्या विमानाकडे उजेड टाकणं हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा. वायव्येला वायुसेनानगर, तिथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. पूर्वेला सीताबर्डीचा किल्ला, तोही लष्कराकडे. उत्तरेला सिव्हिल लाइन्स, म्हणजे साहेबांचे बंगले, आणि डिसेंबरात अधिवेशन भरलं की मंत्र्यांचेही. पश्चिमेला अंबाझरी, तिथे काठच्या झाडांवर पाणकावळे आणि बगळे झोपलेले. मधल्या सगळ्या जागेत लोकांच्या खिडक्या. किलोमीटरभर नजर जाईल एवढा उजेड हातात, आणि तो ठेवायला अख्ख्या पश्चिम नागपुरात हक्काची वीतभर जागा नाही.

त्यातही गंमत अशी की लांबून मला काही दिसो न दिसो, मी सगळ्यांना दिसते. उजेडाच्या उगमाकडे थेट पाहणाऱ्याला तो छापील पल्ल्याच्या कितीतरी पलीकडून टोचतो. म्हणजे ही वस्तू पाहण्यापेक्षा दिसण्याचंच काम जास्त करते. खालचा वॉचमन एकदा वर आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "म्याडम, मागच्या बिल्डिंगवाले विचारून राहिले, वर काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, काही नाही, आकाश बघते आहे.

ते अगदीच थापेबाज उत्तर नव्हतं. बॅटरी सरळ वर धरली की तो दांडा आकाशात जाऊन कुठेतरी विरतो, आणि दांडा दिसतो याचा अर्थच हवेत काहीतरी आहे. स्वच्छ हवेत उजेड बाजूने जवळजवळ दिसतच नाही. उन्हाळ्यात त्यात धूळ पोहताना दिसते, पावसाळ्यात पाखरं, थंडीत धुकं. आपण काय श्वासात घेतो याचा हिशोब फुकटात मिळतो. तिथे उभं राहिलं की मला रात्रीच्या टपालविमानांची आठवण होते. मी ती पाहिलेली नाहीत, वडिलांकडून ऐकलेली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आपसांत बदलायची आणि आपापल्या गावी परतायची. देशाच्या चारी टोकांच्या पत्रांची अदलाबदल, आणि सगळं शहर झोपलेलं. त्या वेळी खालून वर पाहणाऱ्याला किती अंधार मिळत असेल, याचा मला हेवा वाटतो.

मे महिन्यात या बॅटरीचा तोरा उतरतो. दिवसा ४५ अंश झालेली गच्ची रात्रीही पोळत असते. उजेडाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर लावली की थोड्याच वेळात अंग तापतं आणि ती आपणहून उजेड कमी करते. एलईडी गरम झाला तर मरेल, म्हणून तशी सोयच केलेली असते. नागपूरकराने हे मनाला लावून घेऊ नये, त्या दिवसांत आपणही दुपारी एक ते पाच तेच करतो.

गल्लीतल्या पोट्ट्यांना हे सगळं नामंजूर. "काकू, एकदा फुल मारा ना!" एवढीच त्यांची मागणी. त्यांना मी उलटा खेळ शिकवला. सगळ्यात खालच्या पायरीवर लावायची, कपाळाशी, डोळ्याच्या बाजूला धरायची आणि बागेतल्या गवताकडे पाहायचं. दवासारखे हिरवट ठिपके चमकतात. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला पाय असतात. जाळं न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. उजेड आला त्याच वाटेनं तो परत पाठवतो, म्हणून बॅटरी डोळ्याशीच हवी. पहिल्या दिवशी पोरं किंचाळली. दुसऱ्या दिवशी मोजायला लागली. त्यातल्या एकाच्या आईने मला "मुलगा आता गवतात पाय ठेवत नाही" अशी तक्रार केली, तिला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या डिसेंबरात बॅटरी घेऊन काटोलकडे मावसभावाच्या शेतावर गेले. त्याचं घर शेतातच आहे. हरभरा उभा होता, आणि त्याची जागल सुरू होती. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत काय करतात हे ज्याने पाहिलंय त्याला जागल काय ते सांगावं लागत नाही. त्यातून कृषिपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची. म्हणजे अंग गारठवणाऱ्या थंडीत ओलीत करायचं, एक डोळा दांडातल्या पाण्यावर आणि एक धुऱ्यावर.

"बापा! कितीक लांब जाते वो ताई?"

"हजार मीटर लिहिलंय."

"आपलं वावर तर चारशेत सरते."

आधी तो तिचा उपयोग पायाशी करून पाहत होता, सगळ्यात मंद उजेडावर. कारण रात्री वावरात पहिली भीती डुकराची नसते, घोणशीची असते. मग मी म्हटलं, एकदा पूर्ण लावून बघ. त्याने ती नाल्याच्या दिशेनं रोखली. पहाटेचं धुकं अजून नव्हतं, नाहीतर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली असती. धुक्यात जितका जास्त उजेड तितका तो आपल्याच तोंडावर परत येतो. उजेड नाल्यापलीकडे गेला, आणि लगेच तिकडून दुसरी बॅटरी दोनदा लुकलुकली. भावाने आपली दोनदा बंद-चालू केली.

"कोण आहे?"

"पल्याडच्या वावरातले काकाजी. जागे आहेत म्हणून सांगून राहिले. नाही दिसले तर मी फोन करतो."

"आणि डुकरं? पळतात का उजेडाला?"

"पहिले पळत होते. आता त्याइले सवय झाली. थोडेसेक सरकतात, अन् आपण गेलो का येतात." एवढं बोलून त्याने एक सणसणीत आरोळी ठोकली. तिचा पल्ला कुठल्याही खोक्यावर छापलेला नाही.

निघताना त्याने बॅटरी हातात तोलली. "हरभरा निघेपर्यंत ठेवून जा ताई."

"ठेवते. पण चार्ज कधी करशील? रोज पाच-सहा तास लागतात तिला."

"लाइन आली का लावतो."

"लाइन रात्री येते. रात्रीच तर तुला ती हातात पाहिजे."

त्याने जरा विचार केला. "तं मंग दुसरी एक घ्या. हे जळंल तं ते चार्ज होईल."

मी त्याला किंमत सांगितली. तो म्हणाला, राहू द्या, मी काकाजींना उजेड द्यायला लावतो.