सुटे बैसे

मस्कत हे नाव लहानपणापासून माझ्या कानावर होते ते शहर म्हणून नव्हे, तर डाळिंब म्हणून. नगर भागातून बाजारात येणाऱ्या डाळिंबांची ती एक जुनी जात. त्या नावाचे शहर, ओमानची राजधानी, पाहण्याचा योग मात्र पन्नाशीनंतर आला, आणि तोही एकाच दिवसापुरता. ओमानमधल्याच सोहार या शहरातले काम आदल्या संध्याकाळी आटोपले होते, परतीचे विमान रात्रीचे होते आणि मधला जानेवारीचा, सोसवेल अशा उन्हाचा दिवस सर्वस्वी माझा होता.

एकट्याने फिरण्यात एक अडचण असते, ती म्हणजे ‘अरे, हे बघ’ असे म्हणायला शेजारी कोणी नसते. त्या दिवशी ही उणीव खिशातल्या चिल्लरीने भरून काढली. ओमानच्या एका रियालचे हजार बैसे होतात, त्यामुळे पाटीवरच्या किमतीत दशांशचिन्हापुढे तीन आकडे असतात आणि पावशतक बैशांचे नाणे हातात आले की आपण श्रीमंत आहोत की कफल्लक, हेच क्षणभर कळत नाही. बैसा म्हणजे आपला पैसाच. अरबीत ‘प’ नाही, म्हणून त्याचा ‘ब’ झाला. रुपया मात्र तिथे नाही. तो कुठे गेला, हा प्रश्न मी दिवसभर खिशात वाजवत राहिलो.

सकाळ सुलतान काबूस मशिदीत गेली. 2001 साली खुली झालेल्या या मशिदीत इतर धर्मीयांना सकाळी आठ ते अकरा एवढाच वेळ प्रवेश असतो, आणि शुक्रवारी तोही नसतो. सत्तर मीटर लांब आणि साठ मीटर रुंद असा इराणी गालिचा पाहून सगळे थक्क होतात, तसा मीही झालो. परंतु अधिक वेळ रेंगाळलो तो बाहेरच्या भिंतींपाशी. तो वालुकाश्म भारतातून आणलेला आहे, हे कळल्यावर त्यावर हात ठेवल्यावाचून राहवेना.

तिथून बसने मस्कतच्याच मत्राह या बंदराच्या भागात पोहोचलो तेव्हा प्रसिद्ध बाजाराची दुकाने दुपारच्या विश्रांतीसाठी बंद होत होती. चार वाजेपर्यंत करायचे काय, म्हणून समुद्राला वळसा घालणाऱ्या रस्त्याने चालत जुन्या मस्कतपर्यंत गेलो. एका बाजूला बोडके, करपलेल्या रंगाचे डोंगर, दुसरीकडे स्वच्छ निळे पाणी, आणि मध्ये कुठेही सावली नाही! सुलतानाच्या निळ्या-सोनेरी खांबांच्या राजवाड्याच्या दोन अंगांना मिरानी आणि जलाली हे दोन किल्ले बंदरावर नजर ठेवून उभे आहेत. 1507 ते 1650 या काळात मस्कत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या पूर्वेकडच्या साऱ्या कारभाराची राजधानी होती गोवा. कोकणच्या किनाऱ्यावरचे किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला ते बुरूज फारसे परके वाटत नाहीत. 1970 पर्यंत या जुन्या शहराच्या वेशी रात्री बंद होत आणि नंतर बाहेर पडणाऱ्याला हाती कंदील बाळगावा लागे. माझे आईवडील तेव्हा मुंबईत शेवटची लोकल पकडून घरी येत असत.

चारनंतरचा मत्राहचा बाजार म्हणजे छपराखालच्या अरुंद बोळांचे जाळे, आणि त्यात भरून राहिलेला लोबानचा धूर. इथे माझी फजिती झाली. आमच्या घरी संध्याकाळी धुपाटण्यात जो टाकतात तो ऊद, म्हणून मी ऐटीत ‘ऊद’ मागितला. दुकानदार म्हाताऱ्याने काचेच्या कपाटातून लाकडाच्या काळपट ढलप्या काढल्या आणि जो भाव सांगितला, तो ऐकून मी हातातली ढलपी जपून खाली ठेवली. अरबीत ऊद म्हणजे अगरूचे लाकूड. मला हवा होता लुबान, म्हणजे दक्षिण ओमानातल्या धोफारच्या डोंगरांतल्या झाडांच्या सालीवर चिरा पाडल्यावर पाझरणारा आणि वाळून खडा होणारा चीक. त्याने हसत पिशवी भरली आणि चक्क हिंदीत म्हणाला, “पाँच सौ बैसा.”

धीर करून मी विचारले, “चाचा, बैसा है, तो रुपया कहाँ गया?”

“था ना,” तो म्हणाला, “हमारे बचपन में रुपया ही चलता था.”

ते खरेच आहे. आखातात भारतीय रुपया सर्रास चाले. त्या रुपयांतून सोन्याची चोरटी आयात होऊ लागली, म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तोवर तो वापरणाऱ्या बाकीच्या देशांनीही तो टाकला, पण ओमानने 1970 पर्यंत टिकवला. वेशी उघडल्या त्याच वर्षी रुपयाची रवानगी झाली. चिल्लर तेवढी मागे राहिली.

विमानतळावर चलन बदलून देणाऱ्याने माझ्या नोटा घेतल्या आणि नाणी काचेखालून परत सरकवली. ती आता आमच्या सुट्या पैशांच्या डब्यात आहेत. त्यांतले पन्नास बैशांचे नाणे रुपया समजून दूधवाल्याच्या हाती जाता जाता आजवर दोनदा वाचले आहे.