पॅक-१२ फुटली त्या शुक्रवारी

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची पॅक-१२ ही क्रीडा-संघटना (इथल्या भाषेत कॉन्फरन्स) या दिवशी फुटली. दुपारी एका ग्राहकाचा मेल आला: फुटबॉल सोडून आमचे बाकीचे सगळे संघ पुढच्या वर्षीपासून नव्या कॉन्फरन्समध्ये खेळणार असतील, तर प्रवासखर्च किती वाढेल? आकडा संध्याकाळपर्यंत हवा. हा ग्राहक म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडच्या एका विद्यापीठाचा क्रीडा विभाग. मी आकडा दिला. पुढच्या हंगामाची बिलं आली तेव्हा तो जवळजवळ तंतोतंत ठरला. तरीही तो मेल माझ्या डोक्यातून जात नाही.

मी अमेरिकेत पोर्टलंडमध्ये एका ट्रॅव्हल कंपनीत काम करते. आम्ही फक्त कॉलेजांच्या संघांचे दौरे आखतो. भारतात हे सांगितलं की लोकांना पटत नाही. मी स्वतः विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघातून पश्चिम विभागीय स्पर्धेला गेले होते ती स्लीपरच्या डब्यातून, घरून बांधून घेतलेल्या दशम्या खात. इथे कॉलेजचं फुटबॉल (हातात चेंडू घेऊन धावायचं ते अमेरिकन फुटबॉल) टीव्हीवर अब्जावधी डॉलरला विकलं जातं, आणि विद्यापीठाचे बाकीचे पंधरा-वीस संघ त्याच पैशावर चालतात. विद्यापीठं एकत्र येऊन कॉन्फरन्स करतात, आपसात सामने खेळतात, सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकतात आणि पैसे वाटून घेतात. कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये, यावर त्या विद्यापीठाच्या टेनिस खेळणाऱ्या मुलीने मंगळवारचा तास कुठे बसून बुडवायचा हेही ठरतं.

संघाचा प्रवास म्हणजे पंचवीस तिकिटं नव्हेत. दहाच्या वर माणसं असली की विमान कंपनीशी गटाचा करार होतो. जागा आधी अडवायच्या, अनामत भरायची, नावं नंतर द्यायची, आणि ठरल्या तारखेआधी जागा सोडल्या नाहीत तर अनामत गेली. पोल व्हॉल्टच्या काठ्या लहान विमानाच्या पोटात मावत नाहीत. त्या एका माणसाबरोबर गाडीतून आधी रवाना कराव्या लागतात. बसच्या ड्रायव्हरला कायद्याने दहा तासांच्या वर गाडी चालवता येत नाही आणि ड्यूटीचे पंधरा तास भरले की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. त्यामुळे सामना टायब्रेकमध्ये लांबला तर दुसरा ड्रायव्हर कुठून आणायचा, हे आठवडाभर आधी ठरलेलं असावं लागतं. जेवण सामन्याच्या चार तास आधी. हॉटेलमध्ये एक खोली फक्त अभ्यासासाठी. परीक्षा असली तर तिथेच, सोबत आलेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

या कामात मला सर्वांत आवडायचं ते पॅक-१२चं वेळापत्रक. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत याहून शहाणं वेळापत्रक कोणी केलं नाही असं माझं ठाम मत आहे. बारा विद्यापीठांच्या सहा जोड्या: यूसीएलए आणि यूएससी (दोन्ही लॉस एंजेलिसमधली), कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि स्टॅनफर्ड, ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, युटा आणि कोलोरॅडो. बास्केटबॉलचा संघ लॉस एंजेलिसला उतरला की गुरुवारी एकीशी खेळायचा, शनिवारी दुसरीशी. हॉटेल एकच, बस एकच, विमानाचं जाणं-येणं एकदाच. युटा-कोलोरॅडो ही जोडी नावापुरतीच जवळची होती, पण बाकीच्या पाच जोड्यांवर नियोजन करणाऱ्याने जीव टाकावा. वेळेचा फरक फार तर एका तासाचा. शनिवारी सामना संपवून निघालेली मुलं रविवारी आपापल्या पलंगावर उठायची. टीव्हीवाल्यांना मात्र गुरुवार-शनिवारची ही चौकट कधीच आवडली नाही. त्यांना आठवडाभर रोज काहीतरी दाखवायला हवं असतं.

त्या शुक्रवारी सकाळी मी सॉकरच्या खोल्यांच्या याद्या करत बसले होते. ऑगस्टच्या मध्यावर सॉकर सुरू होतं, शेवटी व्हॉलीबॉल. त्यामुळे हे दिवस आमच्या सुगीचे. यूएससी आणि यूसीएलए यांनी ३० जून २०२२लाच बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सची वाट धरल्याचं जाहीर केलं होतं. कोलोरॅडो आठवड्याभरापूर्वी, २७ जुलैला, बिग १२ या तिसऱ्या कॉन्फरन्सकडे निघून गेलं होतं. उरलेली नऊ विद्यापीठं सकाळी ॲपलबरोबरच्या प्रक्षेपण करारासाठी सह्या करतील, अशी बातमी होती. रात्र झाली तेव्हा ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली होती. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. नवांतली चार उरली. महिन्याच्या आत, १ सप्टेंबरला, त्यांतल्या कॅल आणि स्टॅनफर्डला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतलं. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, तीही पहिली सात वर्षं टीव्हीच्या वाट्यातला फक्त ३० टक्के हिस्सा घेऊन.

हे सगळं एका दिवसात घडलं असं समजणाऱ्यांनी १९८४ पासून बघावं. तोवर कुठला सामना टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधातलं मत लिहिलं ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, जे तरुणपणी स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते. त्या दिवसापासून हक्क विकायचा बाजार खुला झाला आणि ज्याच्याकडे जास्त घरांतले टीव्ही, तो बलवान ठरला. बिग टेनने २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स घेतलं ते न्यूयॉर्कच्या केबल ग्राहकांसाठी, त्याच्या फुटबॉल संघासाठी नव्हे. पॅक-१२ने २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढली, संपूर्ण स्वतःच्या मालकीची. बाणा चांगला होता, पण डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या सेवेवर ती कधी दिसलीच नाही. पुढे केबलची जोडणी बंद करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. त्याच वर्षी बिग १२ने ईएसपीएन आणि फॉक्सशी आपला करार वेळेआधीच वाढवून घेतला. पॅक-१२ची मंडळी मात्र आपली किंमत जास्त आहे या समजुतीत वर्षभर थांबली. शेवटी हातात आला तो ॲपलचा प्रस्ताव, ज्यात बरीचशी मिळकत वर्गणीदार किती मिळतील यावर अवलंबून. कुलगुरूंना खात्रीचा पैसा हवा होता. तिथे त्यांना दोष देता येत नाही. वर्षभर हातावर हात ठेवून बसल्याबद्दल मात्र द्यायलाच हवा.

आता तो मेल. मी बसून नव्या कॉन्फरन्समधल्या गावांचे मार्ग काढले. मोठी विद्यापीठं बहुतेक छोट्या गावांत असतात. आयोवा सिटीला जायचं तर सीडर रॅपिड्सला उतरा, पर्ड्यूला जायचं तर इंडियानापोलिसहून बस, पेन स्टेट म्हणजे मधे विमान बदलणं आलंच. फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला चार्टर विमान असतं. बाकीचे संघ तुमच्या-माझ्यासारखे रांगेत उभे राहतात. पूर्वेकडे जाताना दोन-तीन तास हरवतात, आणि रविवारी दुपारी सामना संपला की परतीचं शेवटचं सोयीचं विमान गेलेलं असतं.

खर्चाचा आकडा तयार झाला. टीव्हीच्या नव्या पैशापुढे तो किरकोळ होता. मला ते बघताक्षणी कळलं, आणि हेही कळलं की विद्यापीठाचा निर्णय आधीच झालेला आहे. हा आकडा फक्त फाइलला लावायचा आहे. मी त्याला दुसरा तक्ता जोडला. प्रत्येक संघ दारातून निघाल्यापासून दारात परत येईपर्यंत किती तास, तासिका बुडणारे दिवस किती, रात्री अकरानंतर घरी पोचण्याचे प्रसंग किती. कोणी मागितला नव्हता. एनसीएएच्या नियमांत खेळाडूने आठवड्याला वीस तासांच्या वर सराव-सामने करू नयेत असं आहे, पण सामन्याचा पूर्ण दिवस तीनच तासांचा धरला जातो आणि विमानतळावर बसलेला वेळ धरलाच जात नाही. म्हणजे जो खर्च त्या दिवशी सर्वांत जास्त वाढत होता, तो मोजायला अधिकृत रकानाच नव्हता. उत्तर आलं: धन्यवाद, आकडा पुरेसा आहे. ते लिहिणारा गृहस्थ चांगला आहे, मुलांची काळजी घेणारा आहे. त्याला वरून एवढंच विचारलं होतं.

आमच्या कंपनीत आनंद होता. लांबचा प्रवास म्हणजे जास्त रात्री, जास्त तिकिटं, जास्त कमिशन. मालकांनी सगळ्यांसाठी जेवण मागवलं. मी जेवले नाही, आणि त्याबद्दल कोणाशी बोललेही नाही.

सहाच्या सुमाराला फोन आला तो उरलेल्या चारांपैकी एका विद्यापीठातून. तिथला ऑपरेशन्स सांभाळणारा माणूस माझा जुना ओळखीचा. १९१५ साली याच पोर्टलंडमध्ये चार संस्थांनी मिळून ही कॉन्फरन्स स्थापन केली, हे मला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं होतं. आज त्या चार संस्थापकांतली एकटी ऑरेगन स्टेट मागे राहिली आहे. त्याने रागाचा शब्दही काढला नाही. म्हणाला, "आमच्यापासून एका दिवसात बसने गाठता येतील अशी सगळी विद्यापीठं मला काढून दे. कुठल्या कॉन्फरन्सची आहेत ते बघू नकोस."

पहिल्या मेलवर मी दुपार घालवली होती. या यादीवर रात्र घालवली. बसचे तास, डोंगरातल्या खिंडींत हिवाळ्यात रस्ता बंद होतो का, ड्रायव्हर त्याच दिवशी परत आणू शकेल का, सगळं लिहिलं. गोन्झागा, पोर्टलंड, बॉइसी स्टेट आणि आणखी कितीतरी. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी पुढे न्यायालयात लढून पॅक-१२चं नाव आणि तिजोरी आपल्या ताब्यात ठेवली, २०२४ पासून दोन वर्षांसाठी बास्केटबॉल वगैरे खेळांत वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा आसरा घेतला, आणि २०२६ पासूनची नवी पॅक-१२ बॉइसी स्टेट, गोन्झागा अशांना घेऊन उभी केली. हे माझ्या यादीमुळे झालं असं मुळीच नाही. पण नकाशा उघडून बसलेल्या कोणालाही हीच नावं दिसली असती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझं म्हणणं साधं आहे. फुटबॉलला देशभर हिंडवा, बाकीच्यांना जवळच्या जवळ खेळू द्या. हे अशक्य आहे असं मला बैठकींत सांगतात. मग नोत्र दाम फुटबॉल स्वतंत्र खेळतं आणि बाकीचे बहुतेक खेळ २०१३ पासून अटलांटिक कोस्टमध्ये खेळतं ते कसं? कॅल, स्टॅनफर्ड, यूसीएलए आणि यूएससी यांचे पुरुषांचे वॉटरपोलो संघ आजही माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशनमध्ये एकमेकांशी खेळतात. चौघांची फुटबॉलची घरं बदलली, वॉटरपोलोचं बदललं नाही, कारण वॉटरपोलोसाठी टीव्हीवाला कोणी आलाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्येच मिझूरी विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक एलाय ड्रिंकविट्झ यांनीही पत्रकारांसमोर सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या मुलांच्या रात्रीच्या प्रवासाचा हिशोब कोणी केला का, असं विचारलं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाने ते विचारलं, याचा मला आदर वाटतो. कुलगुरूंपैकी कोणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अडते. ३० ऑगस्ट २०२३ला नेब्रास्काच्या फुटबॉल मैदानावर महिला व्हॉलीबॉलचा सामना बघायला ९२,००३ माणसं आली. नेब्रास्का बिग टेनमध्ये आहे. त्याच सुमारास एका दौऱ्यावर एक व्हॉलीबॉलपटू मला म्हणाली की इथून पुढे तिला नेब्रास्कात जाऊन खेळायला मिळेल, आणि त्यासाठी ती कितीही वेळा विमान बदलायला तयार आहे. तिच्या वयात मीही तेच म्हटलं असतं. व्हॉलीबॉलपुरतं माझं मत म्हणून डळमळतं. टेनिस, सॉफ्टबॉल, सॉकर, गोल्फ यांच्या बाबतीत नाही. तिथे प्रेक्षक वाढले नाहीत, फक्त रात्री वाढल्या.

तासांचा तक्ता मी आता प्रत्येक अंदाजपत्रकाला जोडते. बरेच दिवस त्यावर कोणी बोललं नाही. मग एका सॉफ्टबॉल प्रशिक्षक बाईंनी तो मागून घेतला आणि कॉन्फरन्सच्या वेळापत्रकाच्या बैठकीत ठेवला. बाहेरच्या दौऱ्यावरचे रविवारचे सामने त्यांनी दोन तास अलीकडे आणून घेतले, म्हणजे शेवटचं विमान पकडता येतं. आता त्यांना शुक्रवारच्या सामन्यांचाही तसाच तक्ता हवा आहे. तो मी या आठवड्यात करते आहे.