ऑक्सिजन फुल्ल, तरी बाळ निळंच

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या वॉर्डात, काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, निळं बाळ आलं की हात आधी ऑक्सिजनकडेच जातो. त्या दिवशीही तेच. मुलगी, जेमतेम ३० तासांची, एका नर्सिंग होममधून पाठवलेली. जन्मल्याजन्मल्या रडलेली, अंगावर प्यायलेली, आणि सकाळपासून ओठ-जीभ निळी. आजी सारखी म्हणत होती, "काल चांगली गुलाबी होती की ओ सिस्टर, रात्रीत काय झालं?"

डोक्यावर ऑक्सिजनचा हूड लावला, ऑक्सिजन फुल्ल सोडला, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ६८ वरनं ७० वर आलं आणि तिथंच बसलं. उजव्या हाताला प्रोब (सॅच्युरेशन मोजायचा सेन्सर) लावून बघितला, पायाला लावून बघितला, दोन्हीकडे तेच. बरं, बाळाला धाप नाही, छाती आत ओढत नाही, आपलं शांत पडलेलं. एक्सरेत फुफ्फुसं नेहमीपेक्षा काळी, म्हणजे तिकडे रक्तच कमी जातंय. सर म्हणाले, "हार्टचं आहे हे. डक्ट बंद व्हायला लागलीय."

आजीला मी माझ्या भाषेत सांगितलं. पोटात बाळाची फुफ्फुसं पाण्यानं भरलेली असतात, श्वासाचं काम वार करते, म्हणून फुफ्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त डक्ट नावाच्या बायपासनं परस्पर महाधमनीत जातं, आणि हार्टच्या वरच्या दोन कप्प्यांमध्येही एक झडपेचं भोक असतं तिथनं वारेकडचं चांगलं रक्त डावीकडे जातं. बाळ रडलं, फुफ्फुसात हवा गेली, नाळ कापली की सगळी गणितं फिरतात. फुफ्फुसाच्या नळ्या मोकळ्या होतात, डावीकडचं प्रेशर वाढून ती झडप मिटते, आणि रक्तात ऑक्सिजन वाढला, वारेकडनं येणारं, डक्ट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन थांबलं की डक्ट दोन-तीन दिवसांत आवळते. चांगल्या बाळाला हे हवंच असतं. पण हिची हार्टमधनं फुफ्फुसाकडे जायच्या वाटेवरची झडप बहुतेक बंदच होती, फुफ्फुसाला जे काही रक्त मिळत होतं ते डक्टमधनं उलटं येऊन. म्हणून काल गुलाबी दिसली. (गुलाबी म्हणजे काय तर ८०-८५ असणार, ते डोळ्याला कळत नाही. म्हणून माझं म्हणणं, २४ तासांनंतर हाताला आणि पायाला प्रोब लावल्याशिवाय बाळ घरी सोडूच नये, पाच मिनिटांचं तर काम आहे.)

आता डक्ट उघडी ठेवायची तर बाहेरनं प्रोस्टाग्लँडिन द्यायचं. आमच्याकडे स्टॉक नव्हता, गावातल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या फ्रिजमध्ये अँप्युल निघाली, वडील बर्फाच्या डब्यातनं घेऊन आले. तोवर हाताची शीर काही सापडेना. मग सरांनी सुकत आलेली नाळ ब्लेडनं आडवी कापली, आत दोन बारीक जाड कडेच्या आर्टरी आणि एक मोठी पातळ व्हेन, त्या व्हेनमध्ये कॅथेटर सरकवला. कालपरवापर्यंत वारेकडनं चांगलं रक्त आणणारी तीच शीर. ड्रिप सुरू केली, किलोला मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम. अर्ध्या तासात ८१. ऑक्सिजन उलट कमी केला, तो वाढवला की डक्ट आवळायला मदतच होते.

या औषधाची खोड म्हणजे बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, आणि ड्रिप बंद पडली तर काही मिनिटांत असर जातो. त्यामुळं १०८ मध्ये मी एक हात सिरिंज पंपावर आणि दुसऱ्या हातात अँबू (श्वास द्यायची दाबायची पिशवी) धरून बसले. वाटेत पोरगी एकदा थांबलीच, तळव्याला टिचक्या मारल्यावर घेतला श्वास, सॅच्युरेशन तोवर ६० च्या खाली.

मोठ्या हॉस्पिटलात इकोवर (हार्टच्या सोनोग्राफीत) झडप खरंच बंद निघाली. दोन दिवसांनी डक्टमध्येच स्टेंट टाकला, मोठ्या माणसांच्या हार्टला घालतात तसला. आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेच्या कागदांसाठी वडिलांची पळापळ झाली ती वेगळीच. पुढं मोठं ऑपरेशन आहे, तोवर ८० च्या आसपास चालेल म्हणालेत. आजोबांनाही स्टेंट घातलेला आहे म्हणे, त्यामुळं माझं सगळं पुराण ऐकून आजीला काही झेपलं नव्हतं, ते स्टेंट म्हटल्यावर एका मिनिटात कळलं.